घर घेण्याआधी एक पावसाळा इथे काढ

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

ते चिरेबंदी घर घ्यायचं तुम्ही जवळजवळ ठरवलंत, हे काल कळलं. तू विजयदुर्गात राहायला येणार म्हणून मला फार आनंद झाला. तरी व्यवहार पक्का करण्याआधी एक पावसाळा इथे काढ, एवढं माझं ऐक. डिसेंबरात तुम्ही पाहिलंत ते पाहुण्यांचं गाव. पहाटे मतलई वारा, दुपारनंतर खारा वारा, धक्क्यावर ताजे बांगडे, संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर फेरी. तेवढ्यावर घर घेऊ नये.

आपलं गाव समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या जमिनीवर आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला वाघोटनची खाडी आणि टोकाला किल्ला. किल्ल्याच्या पूर्वेचा खंदक बुजवून रस्ता झाला म्हणून चालत जाता येतं, नाहीतर चारी बाजूंनी पाणीच होतं. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून हा किल्ला घेतला तो जागा ओळखूनच. तोंडाशी किल्ला, आत खाडीत गलबतांना आसरा. पुढे मराठा आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांची गोदीही याच खाडीकाठी, खडक फोडून केलेली. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले आणि तुळाजी आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळाली. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तटावरून खाडीकडे बघताना हे मला अजून बोचतं. मुलांना किल्ला दाखवशील तेव्हा हेही सांग, नुसते फोटो काढून परत आणू नकोस.

आता पावसाचं. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की तो अडवायला इथे डोंगर नाही. पाऊस आडवा येतो, कौलांखालून झड आत घुसते, पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधावी लागतात. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. बिजागऱ्या, पंखे, फ्रिजची पाठ, सगळ्याला खाऱ्या हवेने गंज चढतो. तू घरून काम करणार म्हणतेस, पण वादळी रात्री वीज गेली की सकाळपर्यंत येईल याचा भरवसा नसतो. जून-जुलैत मासेमारी बंद. मग सुके बांगडे, सुकट, फार तर खाडीतल्या कुर्ल्या. आजारपण निघालं तर पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावरून देवगड किंवा थेट कणकवली गाठायची, आणि तो घाट-वळणांचा रस्ता पावसात रात्री कसा वाटतो ते तुम्ही एकदा स्वतः अनुभवा.

हे घाबरवायला लिहीत नाही. मला स्वतःला याच दिवसांत हे गाव सर्वांत जास्त आवडतं. पाहुणे नसतात, होड्या ओढून वर घेतलेल्या, माणसं घरी असतात आणि एकमेकांकडे बसायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना सगळे भेटतात. तू इथे रमशील की नाही, ते तेव्हा कळेल.

मे अखेरीला त्या घराच्या विहिरीचं पाणी चाखून मी कळवते. समुद्राजवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होऊ शकते, आणि विकणारा ते सांगणार नाही. कौलांखालचे वासेही सुताराला दाखवून घेते. तुम्ही आषाढात या, श्रावण संपेपर्यंत राहा. दसऱ्याआधी विसाराचे पैसे देऊ नका.

तुझी,
आई