डॉलरचा वायदा घेण्याआधी

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,

लेकीची सप्टेंबरची फी दहा हजार डॉलर, तोवर डॉलर महागला तर काय, म्हणून वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून ठेवणारा बाजारातला सौदा, घ्यावा का असं विचारलंस. जरूर घे. पण पडद्यामागे काय चालतं ते आधी समजून घे.

दलाल स्ट्रीटच्या रिंगणात सौदे ओरडून व्हायचे, आणि दलाल सांगेल तो भाव गिऱ्हाइकाला मानावा लागे. ३ नोव्हेंबर १९९४ला राष्ट्रीय शेअर बाजाराने शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर आणले, व्हीसॅट या उपग्रह तबकड्यांनी दूरदूरचे दलाल जोडले. चांगला भाव आधी; भाव सारखा असेल, तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. तरीही शेअरचे कागद तेच राहिले. सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी म्हणून परत! मला विचारशील तर पडद्यापेक्षा १९९६ साल मोठं. एप्रिलमध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेणारा आणि विकणारा यांच्या मध्ये उभं राहिलं. एक बुडाला तरी दुसऱ्याचा सौदा पुरा करायची हमी आली. नोव्हेंबरात डीमॅट सुरू झालं, शेअर कागदाऐवजी खात्यात राहू लागले.

चलनाचा वायदा याच पायावर २९ ऑगस्ट २००८ला आला. एक लॉट (सौद्याचं एकक) १,००० डॉलरचा, म्हणजे तुला दहा लागतील. भाव पाव पैशाने हलतो, लॉटमागे अडीच रुपये.

यात डॉलर हातात पडत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेव. हिशेब रुपयांत मिटतो. समजा ८५.५०ला घेतलास आणि ८७.५०ला मिटला, तर वीस हजार मिळतील. डॉलर मात्र बँकेकडूनच घ्यायचे, आणि वायदा ज्या अधिकृत संदर्भ दराने मिटतो त्यावर बँक लावते तो जादा आकार वायदा भरून देत नाही.

लोक फसतात ते रोजच्या हिशेबात. डॉलर पन्नास पैसे उतरला की त्याच दिवसाच्या हिशेबात तुझ्या नावे पाच हजार वजा. फी तेवढीच स्वस्त झाली हे खरं, पण ती बचत सप्टेंबरात दिसणार. पैसे आत्ता लागतात. खात्यात नसले की ब्रोकर सौदा मध्येच बंद करून टाकतो, आणि नंतर डॉलर चढला तर तू उघडाच. म्हणून मार्जिनशिवाय, म्हणजे सौद्यासाठी आधी ठेवायच्या अनामतीशिवाय, दीड-दोन रुपयांच्या घसरणीपुरते, पंधरा-वीस हजार, बाजूला ठेव.

लांबच्या महिन्यांत गिऱ्हाईक विरळ असतं. तिथे मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकू नकोस, भाव लिहूनच टाक. मुदत महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाआधी दोन कामाचे दिवस, दुपारी साडेबाराला संपते. त्याआधी बँकेतून डॉलर घेतलेस, तर त्याच दिवशी वायदाही विकून टाक. राहिला तर तो सट्टा होतो.

आणि सट्ट्याला आता जागा नाही. ३ मे २०२४पासून खरी परकी देणी असणाऱ्यानेच हा सौदा करायचा. तुझ्या रकमेला आधी पुरावा दाखवावा लागत नाही, पण देणं खरं हवं. म्हणून प्रवेशपत्र आणि फीचं पत्रक जपून ठेव. त्याच फीवर बँकेकडून वेगळा फॉरवर्ड, म्हणजे बँकेशी थेट ठरवलेला पुढच्या तारखेचा सौदा, घेऊ नकोस. ब्रोकरकडे चलनाचा विभाग चालू आहे का, तेही विचार.

खारघरहून रविवारी येशील तेव्हा फीचं पत्रक आण, तारखा जुळवून पाहू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय