नातवाचं हार्मोन

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, नातवाच्या अंगात पुरुषी हार्मोन कमी आहे का, ते तुमच्या लॅबमध्ये कळेल का. वहिनी जवळच असणार म्हणून तेव्हा विषय टाळला. सात वर्षांचं पोरगं मंगळवार पेठेतल्या तालमीत जायला रडतं आणि आजीशेजारी बसून चपात्या लाटतं, एवढ्यावरून तुम्ही थेट हार्मोनपर्यंत पोचलात की हो!

आता तुमचं अगदीच चूक आहे असंही नाही. 1959 मध्ये अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या फिनिक्स, गोय, जेराल आणि यंग या चौघांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तुमचं ते पुरुषी हार्मोन, दिलं. त्यांच्या पोटी आलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर समागमाच्या वेळी नरासारख्या वागू लागल्या. तेच हार्मोन वाढलेल्या मादीला दिलं तर असा कायमचा बदल होत नाही. गुऱ्हाळावर गूळ गरम आहे तोवरच त्याची ढेप बांधता येते, तसंच हे. आमच्या पांढऱ्या उंदरांत ही वेळ जन्माच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचे साधारण दहा दिवस, एवढीच.

पण पुढचं ऐका. नर पिल्लाच्या मेंदूत गेलेल्या टेस्टोस्टेरॉनचं तिथंच इस्ट्रोजेन होतं, आणि तुम्ही ज्याला बायकी म्हणता तेच हार्मोन त्या मेंदूला नराचं वळण लावतं. मादी पिल्लांच्या रक्तात अल्फा-फिटोप्रोटीन नावाचं प्रथिन असतं, ते इस्ट्रोजेनला धरून ठेवतं आणि मेंदूत शिरू देत नाही. माणसात मात्र ही वाट अशीच्या अशी नाही, त्यामुळं उंदरावरून नातवाची कुंडली मांडायची सोय नाही.

आई, तुला किळस येते म्हणून पिल्लांचं कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ती गुलाबी, बिनकेसाची, डोळे मिटलेली असतात. कातडी इतकी पातळ की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. नर की मादी हे शेपटीखालच्या अंतरावरून ओळखायचं, नरात ते जास्त असतं. आई चाटल्याशिवाय त्यांना लघवीसुद्धा होत नाही. सीलिया मूर नावाच्या बाईंनी दाखवलं की आई नर पिल्लांना जास्त चाटते, कारण त्यांच्या लघवीचा वास वेगळा असतो. आणि ते चाटणं कमी पडलं तर त्या नरांचं मोठेपणीचं वागणंही बदलतं. म्हणजे उंदरातसुद्धा सगळं हार्मोनच ठरवतं असं नाही, आईची जीभही त्यात आहे. मला स्वतःला तर हा भाग इस्ट्रोजेनपेक्षा मोठा वाटतो.

राहिली रक्ततपासणी. सात वर्षांच्या वयात मुलगा काय नि मुलगी काय, दोघांतही टेस्टोस्टेरॉन अगदी थोडंच असतं. रिपोर्टमध्ये कमी दिसेल, ते तसंच असायला हवं, आणि तुम्ही मात्र उगाच घाबराल. कुणी त्याच्यासाठी ताकदीचं इंजेक्शन किंवा पावडर सुचवली तर दारातूनच परत पाठवा. या वयात असलं हार्मोन बाहेरून गेलं तर हाडांची वाढ लवकर थांबते आणि उंची खुंटते. तुमच्या घरात पैलवान हवाय ना? आणि पोराला चपात्या लाटू दे. तालमीतले पैलवान आपला खुराक आपणच रांधतात, हे तुम्हीच सांगत आलात.

खरी काळजी करायची तर वहिनीच्या थायरॉइडची करा. आई, "पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत" असं तू तिला म्हणालीस, असं दादा सांगत होता. इतर गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, पण ही थायरॉइडची गोळी एक दिवसही चुकवू देऊ नकोस. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी चालू झालेली नसते, ते हे हार्मोन सगळं आईकडूनच घेतं. गाभण उंदरीणीचं थायरॉइड थोडे दिवस जरी कमी पडलं तरी पिल्लांच्या मेंदूतल्या काही पेशी भलत्याच थरात जाऊन बसतात.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी, एकदम नको. तपासणीची तारीख टळली असेल तर दादाला याच आठवड्यात घेऊन जायला सांगा, आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची लेक