काकू, त्या रात्री तुम्ही आमच्या उंबऱ्यात बसला होतात

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. गावाचंही नाही. तुमचं नाव आलं की गाव कळतं, गाव कळलं की घर कळतं आणि घर कळलं की माझी बहीण कळते. अशा प्रकरणात लेकराची ओळख बाहेर येऊ देऊ नये असं लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा सांगतो, पण कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, दसरा-दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात अशी कितीतरी गावं आहेत. त्यातलंच एक समजावं. हे पत्र तिला दाखवूनच टाकतोय. दोन ठिकाणी तिनं काट मारली, तेवढं काढून टाकलं आहे.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. चाकणला रात्रपाळी करून रूमवर आलो आणि गावाकडच्या मित्राचा फोन आला. तुझ्या बहिणीचा फोटो फिरतोय म्हणाला. मी काही विचारायच्या आत त्यानं तो मलाही पाठवून दिला. अकरावीतली पोर, वय सोळा. तिनं तो एका मुलाला पाठवला होता, फक्त त्याला. त्यानं दोन मित्रांना दाखवला, त्यातल्या एकानं ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत तो पारावर बसणाऱ्या माणसांच्या फोनात पोचला होता.

आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर होते. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता मध्येच सोडून येता येत नाही. घरात ती आणि आजी. आजीला कमी ऐकू येतं, पोर जेवत का नाही एवढंच ती विचारत होती. पुण्यातून एसटी धरली आणि सबंध रस्ताभर मी मनात तिलाच शिव्या दिल्या. त्या मुलाचा राग आला होता का? आला होता, पण दुसऱ्या नंबरला. हे मी कबूल करतोय, कारण तुम्ही मला कशापासून अडवलंत ते लोकांना कळायला हवं.

रात्री घरी पोचलो तर दिवा चालू आणि तुम्ही उंबऱ्यात. आशाताईची ती पिशवी शेजारी. "काय रं, कुणाला हाणायला आलास?" एवढंच विचारलंत. मी गप्प. मला पाण्याचा तांब्या दिलात आणि फोन मागितलात.

"फोटू हाय का ह्यात?"

"हाय."

"कुणाला पाठवलास?"

"कुणालाच नाही."

"आन् आजवर दुसऱ्याच्या पोरींचे किती पाठवलेस?"

काकू, त्या प्रश्नाला मी तुम्हाला उत्तर दिलं नव्हतं. आज देतो. त्याच्या दोन वर्षं आधी रूमवरच्या पोरांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. कुठल्या गावची, कोण, काही माहीत नाही. कॉलेजची पोर दिसत होती. मी बघितला आणि दोघांना पाठवला. त्या पोरीलाही कुणीतरी भाऊ असेल, तो कुठल्यातरी एसटीत असाच दात खात बसला असेल, हे तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही. तुम्ही विचारलंत आणि मला कळलं की पारावरची माणसं आणि मी एकाच रांगेतले. त्यांचा नंबर आज लागला होता, माझा आधीच लागून गेला होता. नंतर तो ग्रुप सोडला, ज्या दोघांना पाठवला होता त्यांना फोन करून सांगितलं. एकानं ऐकलं, दुसऱ्यानं थट्टेवारी नेलं. तो व्हिडिओ अजून कुठं कुठं फिरत असेल ते मला परत घेता येणार नाही.

मग मी ते वाक्य बोललोच, जे सगळं गाव बोलत होतं: "पण तिनं काढलाच कामून?" तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "तुझी आई दरसाल घराची किल्ली माझ्यापशी ठिवून कारखान्याला जाती. उद्या मी तुमची ज्वारी इकून खाल्ली, तर किल्ली दिलीच कामून म्हणून आईला हाणशील का मला धरशील?"

मी पुण्यामुंबईच्या शिकलेल्या माणसांनाही या प्रश्नावर अडखळताना बघितलंय. तुमचं उत्तर त्यांना सांगतो. ज्याच्या हातात विश्वासानं काही दिलं, त्यानं ते विकलं तर चोर तोच. सोळा वर्षांच्या पोरीनं चूक केली असं वाटत असेल तर वाटू द्या, त्यावर तिच्याशी घरात बोलता येतं. पण गावभर फिरवणं हे तिनं केलेलं नाही. ते करणाऱ्यांची नावं होती, नंबर होते, त्यात चाळिशीतला दोन लेकरांचा बापही होता. त्याला कुणीही विचारलं नाही, तू बघितलासच कामून.

त्या रात्री तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत उतरवलं, इथंही उतरवतो, कारण ते माहीत नसल्यानं घरं चुकतात. फोटो पुन्हा उघडायचा नाही. पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवायचा नाही, ना मामाला ना वकिलाला, कारण अठराच्या आतल्या लेकराचा असा फोटो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे. कोणत्या नंबरवरून आला, किती वाजता, ग्रुपचं नाव काय, हे लिहून ठेवायचं आणि फोन आहे तसा ठाण्यात दाखवायचा. त्या मुलाच्या घरी जाऊन मारामारी करायची नाही, म्हणजे मूळ तक्रार बाजूला पडून आपल्यावरच गुन्हा व्हायचा. आणि १०९८ ला, लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन. तो तुम्ही माझ्या येण्याआधीच लावला होता. पुढं तालुक्याच्या वकीलताईंशीही तुम्हीच गाठ घालून दिलीत.

ठाण्यात पहिल्यांदा जे घडलं ते विसरलेलो नाही. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "फोटो तिनं स्वतःच काढला ना? मग?" मी तिथंच उठलो असतो. तुम्ही पिशवीतून डायरी काढलीत, वकीलताईंनी फोनवर सांगितलेलं त्यात लिहिलं होतं, आणि वाचून दाखवलंत. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, जुन्या दंडविधानातलं ३५४ क. त्याच्या खालच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की फोटो काढायला बाईची संमती असली, पण तो तिसऱ्याला द्यायला नसली, तर पसरवणं हा गुन्हा आहे. म्हणजे टेबलामागच्या त्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आधीपासून लिहून ठेवलं होतं. आणि ती तर सोळाची. तिथं संमतीचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो लागतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब लागतं, ज्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. त्या माणसानं मान वर केली.

तिला ठाण्यात न्यावं लागणार म्हणून मी रात्रभर झोपलो नव्हतो. तुम्ही म्हणालात, न्यायचं नाही, त्यांनी यायचं. पॉक्सोच्या कलम २४ मध्ये तसंच आहे, जबाब लेकराच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं, होईल तितकं महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. त्या मॅडम साध्या पंजाबी ड्रेसवर आल्या. तुमच्या घरी, मागच्या खोलीत, तिला तुमच्या शेजारी बसू दिलं. घाई केली नाही. त्यांचेही आभार मानायचे आहेत, नाव न घेताच.

भावकीची बैठक मात्र कायद्यावर ऐकणारी नव्हती. पोरगी उजवून टाका, असं ठरायला आलं होतं, लातूरकडचं एक स्थळही कुणीतरी काढलं होतं. आपल्याकडं ही भीती आधीचीच आहे. आई-बाप सहा महिने फडात, मागं वयात आलेली पोर, सांभाळणार कोण, मग दहावी झाली न झाली की सोयरीक. फोटोनं त्या भीतीला नुसतं निमित्त दिलं. तुम्ही दारात उभ्या राहून बोललात. पोरीला अठरा नाहीत, हळद लागली तर मीच पहिली ग्रामसेवकाला सांगीन, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. तुमच्या घरात दोन महिने कुणी हळदीकुंकवाला आलं नाही, हे आईकडून नंतर कळलं. तुम्ही ते आम्हाला कधी बोलून दाखवलं नाहीत.

मी तिचा फोन काढून घेणार होतो. तेव्हाही तुम्हीच आडव्या आलात. त्या फोनवर रोज संध्याकाळी कोपीतून, म्हणजे तिथल्या झोपडीतून, आईचा व्हिडिओ कॉल येतो, त्यावर तिचा अभ्यास आहे. तो काढून घेतला तर गुन्हा त्यांचा आणि शिक्षा हिला. आणि पुढं काही झालं तर ती कुणालाच सांगणार नाही. मला हे तेव्हा पटलं नव्हतं, तुमचा मान ठेवायचा म्हणून गप्प बसलो. आज पटतं.

त्याच फोनवरून तिनं स्वतःच पुढचं काम केलं. वकीलताईंनी टेक इट डाऊन नावाच्या सोयीबद्दल सांगितलं होतं. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एक संस्था ती २०२३ पासून चालवते. अठराच्या आतल्यांसाठी ती फुकट आहे, नावही द्यावं लागत नाही. फोटो कुठंही पाठवावा लागत नाही. तो फोनातच राहतो, त्याच्यावरून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सामील झालेल्या कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. अठराच्या वरच्यांसाठी स्टॉप एनसीआयआय नावाची तशीच सोय आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये जे फिरतं ते यानं थांबत नाही, ही यातली मोठी उणीव, आणि आमच्या गावात तर सगळं तिथंच फिरलं. तरी ती म्हणते की त्या दिवशी पहिल्यांदा आपल्याही हातात काही आहे असं वाटलं. ती हे करत असताना तुम्ही तिच्याकडं पाठ करून बसला होतात, भिंतीकडं तोंड करून, शेंगा फोडत. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला बोलता आलं नाही.

अकरा रात्री तुम्ही आमच्याकडं झोपलात. दारात आडवी सतरंजी टाकून. का, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत, पण मला कळत होतं. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर तुम्ही चुलीच्या भिंतीवर खडूनं लिहिला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं त्यावर फोन केला, तुम्ही बाहेर जाऊन बसलात. तुमच्या मोबदल्याच्या फॉर्मात लसीकरणाला रकाना आहे, बाळंतपणाला आहे. या अकरा रात्रींना नाही.

त्या मुलाची आई तुमच्याकडं रडत आली होती, तक्रार मागं घ्यायला लावा म्हणून. तुम्ही तिला चहा दिलात, शेजारी बसवलंत आणि तक्रार मागं घ्यायला नकार दिलात. मला राग आला होता चहाचा. तुम्ही म्हणालात, तो बी सतराचाच, त्याला कुणी शिकवलंच न्हाई. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं आहे, चाळिशीतल्या माणसाचं कोर्टात. तारखा पडतायत. त्या मुलानं काय केलं ते त्याला कळलं पाहिजे आणि कळल्यावर जगायला जागाही राहिली पाहिजे, असं आता मलाही वाटतं. त्या माणसाबद्दल मात्र माझं मन अजून मऊ झालेलं नाही, आणि व्हावं असंही वाटत नाही.

यंदा तिची बारावी झाली. नर्सिंगला जायचं म्हणते. का, ते तुम्हाला सांगायला नको.

आई-बाबा दसरा करून पुन्हा टोळीबरोबर निघतील. मी दिवाळीला येतोय. तुमच्या फोनची काच फुटली आहे असं ती म्हणत होती, मॉडेल कोणतं ते तिच्याकडून कळवा, मी पुण्याहून घेऊन येतो, नाही म्हणू नका.

तिनं पत्राच्या शेवटी एवढं लिहायला सांगितलंय: काकू, तुम्ही धपाटे आणले होते ती दुरडी अजून आमच्याकडंच आहे. आई रिकामी देऊ नको म्हणते. शेंगा निघाल्या की भरून आणते.

तुमचा,
तिचा भाऊ