धरमतर ते गेटवे रिले: मनापासून आभार

आपल्या पोहण्याच्या क्लबच्या निधीसाठी सहा जणांनी धरमतर खाडी ते मुंबईचं गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटर अंतर रिलेने, म्हणजे एकामागून एक तासातासाच्या पाळीने, पोहून पार केलं. टाळ्या त्यांना मिळाल्या; आभार मात्र न पोहलेल्यांचे.

सगळ्यात आधी आपली होडी चालवणारे तांडेलमामा. उधाण टाळून अष्टमीनंतरची, भांगाची (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ती) तिथी त्यांनीच धरायला लावली. ओहोटी सुटताच उतरलं तर पाणी खाडीबाहेर ओढून नेतं, उशीर झाला की भरती समोरून अंगावर येते. होडी त्यांनी सतत अशी ठेवली की डिझेलचा धूर पोहणाऱ्याच्या तोंडावर गेला नाही. धुराने मळमळ सुरू झाली की तासाची पाळी निभत नाही.

वहीवाल्या ताईंना विसरून कसं चालेल? दर अर्ध्या तासाला त्या जागा, वेळ आणि पोहणारा मिनिटाला किती हात मारतो ते लिहीत होत्या. साठाचे पन्नास झाले की थंडी किंवा थकवा आलाच समजा, आणि ते आधी वहीतच दिसतं. पाळी बदलताना पुढच्या पाळीचा पोहणारा आधीच्याच्या मागूनच पाण्यात उतरतो आणि त्याला ओलांडतो, हेही त्या प्रत्येक वेळी ओरडून सांगत होत्या.

काखेत आणि मानेला पेट्रोलियम जेली चोपडणारे, जेलीफिश डसल्यावर गोडं पाणी ओतू न देता समुद्राच्याच पाण्याने धुणारे, कोमट लिंबू-मीठ-साखरपाण्याचे थर्मास भरणारे, रात्री कयाकवर दिवा धरून बसलेली दोन पोरं, दारोदार पावतीपुस्तक नेणारे काका-काकू: तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. या पैशातून लेनच्या नव्या दोऱ्या येतील.