आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मॉइश्चरायझर हा नट्टापट्टा नव्हे

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

इसबाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यातून मॉइश्चरायझर मोफत मिळेल, असं आश्वासन आपण सभागृहात दिलं होतं. बाकं वाजली. आम्हीही घरात बसून टाळ्या वाजवल्या. काल आपल्या खात्याचं पत्र हाती पडलं: ‘सदर वस्तू सौंदर्यप्रसाधनात मोडत असल्याने मागणी मान्य करता येत नाही.’ वाचून हसावं की रडावं कळेना. हसायचीही चोरीच, ओठांचे कोपरे फाटलेत.

सौंदर्य! महोदय, एकदा हे हात बघा. पेरांवर आडव्या चिरा, कोपराच्या आतल्या बाजूला जाड, काळवंडलेली कातडी. ओली जखम सुकून खपली धरते, झोपेत ती माझ्याच नखांनी निघते. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. नखं कापून पाहिली, हातात मोजे घालून झोपून पाहिलं. खाज मोज्यांना जुमानत नाही. घाम आला की आग, थंडी पडली की भेगा. बसमध्ये शेजारचा अंग चोरून बसतो. इसब स्पर्शानं पसरत नाही, हे मी एकट्यानं किती जणांना सांगायचं? आपण तसा एखादा फलक लावू शकला असतात. पण फलकावर आपला फोटो मावल्यावर जागा उरते कुठे?

आता थोडं त्या शेरा मारणाऱ्या साहेबांसाठी. आमच्यातल्या बऱ्याच जणांची कातडी जन्मतःच कच्ची असते. फिलाग्रिन नावाचं प्रथिन तिचा वरचा थर घट्ट ठेवतं. त्याच्या जनुकात दोष असला की इसबाचा धोका वाढतो, हे २००६ पासून ठाऊक आहे. थर कच्चा म्हणून पाणी उडून जातं, साबण, धूळ, जंतू आत शिरतात, दाह होतो, खाज सुटते, खाजवल्यानं थर आणखी फाटतो. हे चक्र अडवायचा पहिला उपाय म्हणजे रोज, बरं वाटत असतानाही, भरपूर स्निग्ध मलम. साहेब ज्याला प्रसाधन म्हणतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत कातडीचा ओलावा टिकवणारं युरियाचं क्रीम आहे. त्यांनाही नटायची हौस असावी!

अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम लागतं. दवाखान्यात हातावर टेकवतात ती २० ग्रॅमची ट्यूब, तीही दाह शमवणाऱ्या स्टेरॉइडची. दर्यामें खसखस. स्टेरॉइड वाईट नाही, भडका उडाला की ते लागतंच. पण किती लावायचं? बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, हे मला वाचून कळलं. चिठ्ठीवर नुसतं ‘सकाळ-संध्याकाळ’. मग निम्मे लोक घाबरून लावतच नाहीत आणि उरलेले महिनोन्‌महिने चोपडून कातडी पातळ करून घेतात. डॉक्टरांना तरी काय बोलणार, बाहेरची रांग त्यांनाही दिसते.

जगात वीस कोटींहून जास्त लोकांना हा त्रास आहे. मुलांत कुणी पाचात एक म्हणतं, कुणी दहात एक; आपल्याला सोयीचा आकडा घ्या. २०१७ पासून इसबावर डुपिलुमॅब नावाच्या औषधाची इंजेक्शनं निघालीत, ती आम्ही मागतच नाही. आम्ही पेट्रोलियम जेली मागतोय, महोदय!

खरी अडचण वेगळीच आहे. इसबानं माणूस सहसा मरत नाही. पटापट मेलो असतो तर समिती बसली असती, मदत जाहीर झाली असती, आपण भेटीला आला असतात. नुसती झोप उडालेल्या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात करायची? साऱ्या व्यवस्थेला उद्घाटनाची इमारत दिसते, तिच्या आतलं रिकामं कपाट दिसत नाही. इमारतीला फीत असते, मलमाच्या डब्याला नसते. हवी तर आम्ही बांधून देऊ.

तो शेरा रद्द करा. स्निग्ध मलम औषधांच्या यादीत घाला आणि ते डब्यानं द्या, ट्यूबनं नको. मलम किती नि कसं लावायचं हे समजावायला एक परिचारिका नेमा. आणि उत्तरात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असं लिहू नका. तसले कागद माझ्याकडे आहेत, आणि ते अंगाला लावता येत नाहीत.

आपला,
एक त्वचारुग्ण व मतदार