वस्तरा परत पाठवू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नवा, हातघडणीचा वस्तरा पहिले आठ दिवस मजेत चालला आणि आता गालावर केस ओढतो, म्हणून तो घडवणाऱ्याकडे परत पाठवायचं तुझ्या मनात आहे, असं लिहिलंस. पाठवू नकोस. आठ दिवस चांगला चालला, म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) आणि घडण दोन्ही ठीक आहेत. धार गेली आहे ती बहुधा चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे दाढीआधी पातं ज्यावर फिरवून धार नीट करतो त्यावर. नवशिक्याच्या हातात वस्तरा बिघडतो तो दाढी करताना कमी आणि पट्ट्यावर जास्त.

आधी खात्री करून घे. टेबलावरच्या दिव्याखाली धार वर करून पातं धर आणि थेट वरून बघ. खरी धार प्रकाश परतवत नाही, त्यामुळे तिथे काहीच दिसत नाही. जिथे बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका चमकेल, तिथे धार गोल झालेली आहे. अंगठा फिरवून धार बघायची सवय असेल तर ती सोड. बोटाच्या तेलाने आणि दाबाने तीच धार मरते.

चमक पात्याच्या मधल्या भागात सलग असेल, तर पट्टा सैल पडतोय. सैल चामडं पात्याखाली झोळ घेतं, धारेला खालून वळसा घालतं आणि तिला गोल करतं. पट्टा ताणून धर, पण पात्याचा भार त्यावर टाकू नकोस. चमक फक्त टोकाकडे असेल, तर तू वळताना घाई करतोस. पातं चालताना पाठ (धारेसमोरची जाड कड) पुढे, धार मागे. पट्ट्याच्या शेवटी हात पूर्ण थांबू दे, मग पाठ चामड्यावरून न उचलता पातं पाठीवरच उलटव आणि त्यानंतर परत फिर. थांबायच्या आधीच उलटवलं, की टोक चामड्यात रुततं. मनगट वाकवायचं नाही. वस्तऱ्याची मान (पातं आणि मूठ यांच्यामधली दांडी) अंगठा आणि तर्जनीत धरून नुसता गोल फिरवायचा. पात्याची पाठ आणि धार दोन्ही सतत टेकलेली हवीत. वेग आपोआप येतो, मुद्दाम आणू नकोस. दाढीच्या आधी सुती पट्टीवर २० आणि चामड्यावर ५० फेऱ्या पुरतात (जाऊन-येऊन एक). पट्ट्याला वरवरची चीर पडली असेल, तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने सपाट कर. कडा उभी राहिलेल्या चिरेवर पातं पुन्हा फिरवू नकोस.

गोल झालेली धार चामड्याने परत येत नाही, त्यासाठी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड लागेल. पण १००० नंबरच्या दगडाला हात लावू नकोस (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). तो धारेला खड्डा पडला असेल किंवा उतरणच (धारेलगतचा तिरका घासलेला भाग) नव्याने बसवायची असेल तेव्हाचा. तुला १२,००० चा पुरे, फार तर आधी ८,००० चा. दगड सपाट आहे का ते आधी बघ. त्यावर पेन्सिलीने चौकटी आख आणि डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट पत्र्यावर) पाण्याखाली घास. चौकटी सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या, की दगड सपाट. दगडावर दिशा उलटी, म्हणजे धार पुढे आणि पाठ मागे. दाब पात्याच्या वजनाइतकाच. दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल, तर मुठीकडून टोकाकडे तिरका हात घे, म्हणजे धारेचा प्रत्येक भाग दगडावरून जाईल. सुरुवातीला उतरणीवर मार्करची शाई लाव आणि पाच-सहा हात फिरवून बघ. शाई जिथे उरेल तिथे दगड पोचत नाही. पुढे २०-२५ फेऱ्या आणि बस. जास्त घासलं, की धारेवर पोलादाची पातळ कोर उभी राहते. तीही कापते, पण एका दाढीतच तुटते आणि वस्तरा पुन्हा ओढायला लागतो.

निसताना पाठही दगडावर टेकलेली असते, म्हणून वस्तऱ्याचा कोन पाठच ठरवते, हे इथे लक्षात ठेव. तुझं पातं ६/८ इंच म्हणजे १९ मिमी रुंद आहे. पाठ ५.५ मिमी जाड असेल, तर धारेचा कोन साधारण १६.५ अंश येतो, आणि तो अगदी योग्य आहे. पाठीवर ओरखडे नकोत म्हणून काही जण चिकटपट्टी लावून निसतात. एका थराने कोन सुमारे एक अंशाने वाढतो, म्हणजे पुढे दरवेळी पट्टी लावावीच लागते. मोजमाप कॅलिपरने एकदा घेऊन लिहून ठेव.

आता दाढी. तुझ्या वस्तऱ्याचं टोक चौकोनी आहे, त्यामुळे कानाजवळ आणि नाकाखाली ते आडवं सरकू देऊ नकोस. जखमा होतात त्या आडव्या सरकण्याने. फेस नेहमीपेक्षा ओलसर हवा. तुमच्याकडे पाणी जड असेल, तर ब्रशला पाणी थोडं थोडं वाढवत जा. पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्या जाडीइतकंच अंतर ठेव, तो कोन साधारण ३० अंशांपर्यंत येतो. कोन मोठा झाला की कातडी खरवडते, फार लहान झाला की केस ओढले जातात. म्हणजे ओढण्याचा दोष दरवेळी धारेचाच असतो असं नाही. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धर, नुसत्या गालावर हा सराव पक्का कर आणि हनुवटी महिनाभर साध्या रेझरने कर. हनुवटीवर कातडीचा उतार इंचाइंचाला बदलतो, नवखा हात तिथेच चुकतो. केसांच्या दिशेने एकच हात पुरे. उलटा हात धार पूर्ण बसल्यावर. तुरटी फिरवली, की चुरचुर कुठे होते त्यावरून चुकलेली जागा कळते.

रत्नागिरीच्या हवेत हे कार्बन पोलाद सांभाळणं हे खरं काम आहे. दाढी झाल्यावर पातं धुऊन सुती कापडाने पाठीकडून धारेकडे पूस. मुठीच्या दोन पट्ट्यांमधलं पाणी टिश्यूच्या घडीने काढ, गंज सर्वात आधी तिथे रिव्हेटपाशी धरतो. तासभर उघडा सुकू दे, मग मिनरल ऑइलचा एक थेंब. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट पडतं. न्हाणीघरात ठेवू नकोस, आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानातही नको, चामडं ओल धरतं. धारेवर गंजाचे खड्डे पडले, तर ते निसताना पोलाद इतकं जातं की पात्याचं आयुष्य कमी होतं. आणि घरात कितीही जवळचा माणूस असला तरी वस्तरा एकालाच. रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या भीतीनेच सलूनवाले अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा वापरायला लागले.

डिसेंबरात पुण्याला येशील तेव्हा वस्तरा आणि पट्टा दोन्ही आण, दगड माझ्याकडे आहेत. पुढे कुठे विमानाने जाणार असशील तर मात्र तो हातातल्या पिशवीत ठेवू नकोस. सुरक्षा तपासणीत काढून घेतील, चेक-इनच्या सामानातच टाक.

तुझा,
नंदू