चि. सायलीस, मिहानच्या नोकरीबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल "बाबा, तुम्हाला नाही समजत" म्हणून तू फोन ठेवला. व्हॉट्सअॅप तुझी आई वाचते, म्हणून मेल लिहून राहिलो.

तू पुण्याची नोकरी सोडून मिहानच्या कंपनीत, नागपूरला येते म्हणते, मला आनंद नाही असं समजू नको. तेल्हाऱ्याचं आबांचं वावर विमानतळाजवळच्या या मिहान प्रकल्पातच गेलं. तुरीच्या ओळीत लपून तू कच्च्या शेंगा सोलून खात बसायची आणि आई बांधाबांधानं हाका मारत फिरायची. २००२ मध्ये विमानतळ विकास कंपनी निघाली तेव्हापासून आबा ऐकत होते, नोकऱ्या येतील, नोकऱ्या येतील. कितीतरी वर्षं तिथे नुसते रुंद रस्ते आणि गवत होतं. आता टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, सगळ्या आहेत. परवा बँकेत पेन्शनच्या कामाला गेलो तर कॅशियरला सांगून बसलो, पोरगी मिहानमध्ये येऊन राहिली. तू अजून होही म्हटलं नाही!

पण बेटा, ही कंपनी नाही जमली तर दुसरी कुठे? तिथे पुण्यात, हिंजवडीत रस्ता ओलांडला की दुसऱ्या कंपनीचं गेट. इथे मिहानमधल्या मोठ्या चार-पाच, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट, बाकी लहानलहान. जन्मभर आयकराच्या फायली पाहिल्या, म्हणून सांगतो, २०२० नंतर सुरू होणाऱ्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) युनिटांना ती जुनी आयकर सूट नाही. तरी कंपन्या येऊन राहिल्या. का? जागा स्वस्त, पगार कमी, आणि इथली पोरं लवकर सोडून जात नाहीत. का जात नाहीत, तर जायला दुसरं दार नाही. त्यांच्या फायद्याची गोष्ट तीच तुझ्या तोट्याची. प्रमोदकाकाच्या निखिलचं पाहिलं ना? प्रोजेक्ट संपला, काम न देता बेंचवर बसवलं, शेवटी पुन्हा पुण्यात डिपॉझिट भरून खोली घ्यावी लागली.

पीएफ काढू नको, ट्रान्सफर कर. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. अमेरिकेचा क्लायंट असेल तर रात्रपाळी विचार, खापरीहून उशिरा मेट्रो नसते. झालं, सुरू झालं माझं प्रवचन. रागावू नको. तू सहा जणांची टीम सांभाळते आणि मी तुला पीएफ शिकवून राहिलो.

एक मात्र, माझ्या स्टेंटचं कारण काढून येऊ नको. आई वाढवून सांगते. डॉक्टर म्हणाले चाला, मी रोज माटे चौकापर्यंत जातो. तिथल्या ठेल्यावरचे तर्री पोहे फक्त पाहतो. (एकदा खाल्ले. आईला सांगू नको.) यायचं तर कामासाठी ये. उद्या ती कंपनी बंद पडली आणि तुझ्या मनात आलं की बाबांपायी आले, तर मला ते झेपणार नाही.

आई विचारून राहिली, वरच्या खोलीत एसी लावायचा का कूलर चालेल. मी म्हटलं, थांब, तिचं ठरू दे. तरी इलेक्ट्रिशियनला बोलावून पॉइंट कुठे काढायचा ते पाहून ठेवलं.

तुझा,
बाबा

ता. क. अमुक वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड आहे का, विचारलं? आणि समजा त्यांनी वर्षभरात सोडायला सांगितलं, तर पुण्याची कंपनी परत घेते का, तेही तुझ्या मॅनेजरला सहज विचारून पाहा.